‘सी’ साठ का आला? : स्थापत्य अभियांत्रिकीतील प्रकल्पाधारित शिक्षणाची चिकित्सा

१. एक मौखिक परीक्षा

पाणीपुरवठ्याच्या सरकारी कामात एकतीस वर्षे काढून मी निवृत्त झालो, आणि त्यानंतर काही वर्षे अभियांत्रिकी महाविद्यालयांत बाह्य परीक्षक म्हणून जात होतो. अशाच एका मे महिन्यातल्या दुपारची ही गोष्ट आहे. स्थापत्य शाखेच्या शेवटच्या वर्षाचे चौदा गट, प्रत्येक गटात चार विद्यार्थी, आणि चार वाजेपर्यंत सगळे उरकायचे. टेबलावर काळ्या पुठ्ठ्याच्या, सोनेरी अक्षरांच्या चौदा प्रती रचून ठेवलेल्या. एका गटाच्या वाट्याला वीस मिनिटेही येत नव्हती.

नवव्या गटाने एका वाडीच्या नळयोजनेचा अभ्यास केला होता. गावाच्या टेकाडावर पाण्याची टाकी, तिथून ६४० मीटर लांबीची, आतून ८४ मिलिमीटर व्यासाची पीव्हीसीची नळवाहिनी, आणि शेवटी वाडी. वाडीच्या वरच्या आळीत पाणी चढत नाही, ही तक्रार. मुलांनी बाकीचे व्हॉल्व्ह बंद ठेवून फक्त ही एक लाइन चालू केली. टाकी गोल, पाच मीटर व्यासाची. अर्ध्या तासात तिची पातळी साडेसत्तावीस सेंटीमीटर उतरली, म्हणजे सेकंदाला तीन लिटर पाणी वाहत होते. वाडीच्या टोकाला त्यांनी बांबूला पारदर्शक नळी बांधून पाणी किती चढते ते पाहिले. चढले २.२ मीटर. टाकीतल्या पाण्याची पातळी त्या जागेपेक्षा १५ मीटर उंच होती. म्हणजे वाटेत १२.८ मीटर दाब खर्ची पडला होता.

इथे अभियंते नसलेल्या वाचकांसाठी थोडे थांबतो. नळातून पाणी जाताना घर्षणाने दाब कमी होतो. तो किती कमी होईल हे काढण्याचे हेझन-विल्यम्स यांचे सूत्र विसाव्या शतकाच्या आरंभापासून जगभर वापरात आहे. त्यात ‘सी’ नावाचा एक आकडा असतो. नळ आतून जितका गुळगुळीत तितका ‘सी’ मोठा. चांगल्या पीव्हीसी नळाचा ‘सी’ १४५च्या आसपास धरतात. जुन्या, गंजलेल्या बिडाच्या नळाचा १००च्या खालीही जातो. १४५ धरला तर या लाइनमध्ये अडीच मीटर दाब खर्च व्हायला हवा होता. मोजलेल्या १२.८ मीटरवरून उलटे गणित केले तर ‘सी’ ६० येतो. प्लॅस्टिकच्या नळाला असा आकडा येणे शक्य नाही.

गटातली मुलगी म्हणाली, “सर, सी साठ आला. का आला ते आम्हाला कळलं नाही. पुन्हा मोजायला जायचं होतं, पण विभागाची गाडी एकदाच मिळाली.” अहवालाच्या शेवटच्या प्रकरणात हेच वाक्य जवळजवळ तसेच लिहिलेले होते. शेजारी बसलेले अंतर्गत परीक्षक हळू आवाजात म्हणाले, “रीडिंग चुकलंय. निष्कर्षच नाही.” मी मान डोलावली.

दहावा गट दुसऱ्या गावाच्या विहिरींवर होता. त्यांच्या तक्त्यात बारा आठवडे, अगदी परीक्षेच्या आठवड्यातही, प्रत्येक विहिरीची पातळी एकसारख्या अंतराने उतरत होती. आलेख पट्टीने ओढल्यासारखा होता. बेसॉल्टच्या प्रदेशातली विहीर अशी उतरत नाही. शेजारच्या शेतात मोटर चालू झाली की ती एका दिवसात हातभर खाली जाते आणि रात्रीतून थोडी भरून येते. ते तक्ते खोलीत बसून भरले आहेत हे मला कळत होते. पण निष्कर्ष ठळक होते, शिफारशी सात होत्या आणि सादरीकरण सुबक होते. मी दहाव्या गटाला नवव्यापेक्षा अकरा गुण जास्त दिले.

हा लेख त्या अकरा गुणांविषयी आहे.

२. शब्दाचा प्रवास

आज तंत्रशिक्षणाच्या प्रत्येक धोरणपत्रात ‘प्रकल्पाधारित शिक्षण’ हा शब्द आढळतो. तो नवा असल्याच्या थाटात वापरला जातो. निदान स्थापत्य अभियांत्रिकीपुरते बोलायचे तर हा शब्द जुना आहे, आणि त्यामागची रीत त्याहून जुनी आहे.

पॅरिसमध्ये १७४७ साली पूल आणि रस्ते यांच्या अभियंत्यांची शाळा सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख झां-रोदोल्फ पेरोने. आरंभीच्या काळात तिथे नेमलेले प्राध्यापक नव्हते. पुढे गेलेले विद्यार्थी मागच्यांना शिकवत, आणि बांधकामाच्या हंगामात सगळे प्रत्यक्ष कामांवर जात. आपल्याकडे १८४७ साली रुरकीला जे महाविद्यालय निघाले ते गंगेच्या कालव्यासाठी माणसे हवीत म्हणून. सोलानी नदीवरून कालवा नेणारा जलसेतू गावाला लागूनच उभा राहत होता. पुण्यात १८५४ साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघाले तेही इमारती, धरणे, कालवे, रेल्वे आणि पूल यांच्या कामांवर देखरेख करणारी माणसे तयार करण्यासाठी. काम आधी होते, शाळा त्याच्या गरजेतून आली.

शिक्षणशास्त्रात ‘प्रकल्प पद्धती’ हे नाव रूढ केले अमेरिकेच्या विल्यम किलपॅट्रिक यांनी, १९१८च्या त्यांच्या निबंधाने. त्यामागे जॉन ड्यूई यांचा विचार होता. महाराष्ट्राच्या भूमीवर वर्ध्याला १९३७ साली झालेल्या परिषदेतून नयी तालीम पुढे आली, तिचाही गाभा उत्पादक कामातून शिकण्याचा होता. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे शाळा सुटलेली मुले भूगर्भातील पाण्याचा शोध घेण्यासाठी विद्युतरोधाची मोजणी करत, घुमटाकार घरे बांधत. कलबागांची मुले हातात मीटर घेऊन शेतात उभी असत, आणि त्यांनी सांगितलेल्या जागी शेतकरी खरोखर पैसे घालून विहीर खणत असे. उत्तर चुकले तर ते दिसत असे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

मग अभियांत्रिकी महाविद्यालये कामापासून दूर का गेली? त्याला कारण होते, आणि ते क्षुल्लक नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर तंत्रज्ञान इतक्या वेगाने बदलले की आज कामावर जे दिसते ते उद्या कालबाह्य होईल अशी भीती होती. अमेरिकेत १९५५ साली ग्रिंटर समितीच्या अहवालाने अभ्यासक्रमाचा पाया मूलभूत विज्ञान आणि अभियांत्रिकी विज्ञान हा असावा असे मांडले. आपल्या नव्या संस्थांनीही तीच वाट धरली. त्यातून गणित पक्के झालेले अभियंते मिळाले. जे गेले ते म्हणजे मोजण्याची सवय आणि मोजलेल्याची जबाबदारी.

उलट दिशेचे प्रयत्नही झाले. अमेरिकेतील वूस्टर पॉलिटेक्निकने १९७० साली आपला अभ्यासक्रमच प्रकल्पांभोवती रचला. त्यातला एक प्रकल्प तंत्रज्ञान आणि समाज यांच्या संबंधावर असलाच पाहिजे असा नियम केला. डेन्मार्कमध्ये १९७४ साली स्थापन झालेल्या ऑलबोर विद्यापीठात विद्यार्थी प्रत्येक सत्रातला साधारण निम्मा वेळ गटाने एका प्रकल्पावर घालवतात. व्याख्याने असतात, पण ती प्रकल्पाच्या सोबतीने चालतात.

आपल्याकडचा ‘फायनल इयर प्रोजेक्ट’ आणि ऑलबोरचा प्रकल्प यांना आपण एकच नाव देतो. पण ऑलबोरला प्रकल्प हे शिकण्याचे साधन आहे. आपल्याकडे तो जेवण झाल्यावरच्या विड्यासारखा शेवटी येतो. सात सत्रे व्याख्याने ऐकायची, आठव्यात प्रकल्प ‘करून टाकायचा’. मग महाविद्यालयांच्या फाटकासमोर तयार प्रकल्प विकणारी दुकाने निघतात यात नवल काय?

३. स्थापत्याची खास अडचण

प्रकल्पाधारित शिक्षणाचे बरेचसे लेखन सगळ्या शाखांना एकाच तागडीत तोलते. माझा पहिला आक्षेप त्यावर आहे. यंत्र शाखेचे विद्यार्थी छोटी गाडी बनवतात, ती शर्यतीत धावते किंवा बंद पडते. संगणक शाखेची मुले ॲप बनवतात, ते चालते किंवा अडकते. दोन्हीकडे वस्तू स्वतःच उत्तर देते. स्थापत्याचा विद्यार्थी धरण बांधून पाहू शकत नाही. पुलाचा नमुना बांधून तो मोडून पाहिला आणि मग खरा बांधला, असे होत नाही. प्रत्येक पुलाखालची जमीन वेगळी असते. शिवाय जे बांधले ते पन्नास वर्षे उभे राहते आणि ज्याच्यासाठी बांधले तो माणूस ते दुकानात परत करू शकत नाही.

या अडचणीतून दोन पळवाटा निघाल्या. पहिली स्पर्धांची. आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल, काँक्रीटच्या होड्या. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सची काँक्रीटच्या होडीची राष्ट्रीय स्पर्धा १९८८पासून होते. त्यातून मुलांना काँक्रीटची प्रकृती कळते, एकत्र काम करण्याची गोडी लागते; मी तिला नावे ठेवणार नाही. पण होडीच्या तळाशी कोणाची जमीन जात नाही आणि काडीच्या पुलावरून कोणी शाळेत जात नाही.

दुसरी पळवाट कागदी आराखड्याची. ‘अमुक गावासाठी पाणीपुरवठा योजनेचे संकल्पन’ या नावाचे अहवाल मी डझनांनी वाचले. लोकसंख्या तीस वर्षे पुढे नेली, दरडोई ५५ लिटरने गुणले, टाकीचे आकारमान काढले, नळाचे व्यास संगणकाकडून घेतले, दरसूची लावून अंदाजपत्रक केले. गणित बरोबर. पण हे चूक की बरोबर ते ठरवणारा कोणीच नसतो, कारण योजना कधी बांधली जाणार नसते. गंमत अशी की बहुतेक गावांत आधीची एक योजना, काही ठिकाणी दोन, बंद पडलेल्या असतात. त्या का बंद पडल्या हे त्या अहवालात नसते.

तेव्हा स्थापत्य आणि पर्यावरण शाखेसाठी प्रकल्पाचा खरा विषय कोणता? माझे उत्तर असे आहे : जे आधी बांधले आहे त्याचे निदान. चालू असलेली, रडतखडत चालणारी आणि बंद पडलेली कामे हीच आपली प्रयोगशाळा आहे. तिथे वस्तू उत्तर देते. टाकीची पातळी उतरते किंवा उतरत नाही. सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणारे पाणी वास मारते किंवा मारत नाही. शेवटच्या नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे दोन थेंब टाकल्यावर ते पिवळे होते किंवा पांढरे राहते. पांढरे राहिले तर टीसीएल पावडर टाकली की नाही हे ग्रामपंचायतीला विचारावे लागते. या प्रश्नाला पाठ्यपुस्तकामागे उत्तर छापलेले नसते, पण उत्तर असते.

नव्या रचनेपेक्षा निदान कमी दर्जाचे आहे असे कोणाला वाटेल. त्यांनी विश्वेश्वरय्यांचे उदाहरण आठवावे. पुण्यात शिकून १८८३ साली पदवी घेतलेल्या या अभियंत्याचे स्वयंचलित दरवाजे १९०३ साली खडकवासल्याला बसले. ते धरण आधीच उभे होते. पुराचे पाणी सांडव्यावरून वाया जात होते आणि धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी कसे साठवायचे हा प्रश्न होता. दुसऱ्यांनी बांधलेल्या कामाकडे बारकाईने पाहण्यातून तो शोध आला.

महाराष्ट्रात या दिशेने गांभीर्याने पाहिले गेले ते मुंबईच्या आयआयटीतील ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रात. १९८५ साली स्थापन झालेल्या या केंद्राचे विद्यार्थी गावात राहून अभ्यास करतात. कर्जत, शहापूर यांसारख्या तालुक्यांतल्या पाणी योजनांचे अभ्यास त्यांनी केले. प्रा. मिलिंद सोहोनी यांनी सातत्याने मांडले आहे की सार्वजनिक सेवांचा अभ्यास हा उच्च शिक्षणाचा विषय असला पाहिजे. याच संस्थेतून ‘जलतंत्र’ हे ग्रामीण नळयोजनांच्या रचनेचे संगणकीय साधन निघाले. २०१६ साली राज्य शासनाच्या ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’ने जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि जिल्हा प्रशासन यांना जोडण्याची चौकट घातली. चौकट चांगली आहे. पण चौकटीत काय भरले जाते हे शेवटी त्या मे महिन्यातल्या खोलीत ठरते, जिथे माझ्यासारखा कोणी लाल पेन घेऊन बसलेला असतो.

४. तक्त्यात न मावणारे

२०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्यामुळे आपल्या मानांकित अभ्यासक्रमांच्या पदव्या इतर सदस्य देशांत मानल्या जाऊ लागल्या, आणि पदवीधराच्या अंगी काय असावे याची बारा कलमे महाविद्यालयांच्या भिंतींवर लागली. ती कलमे मी नीट वाचली आहेत. गुंतागुंतीच्या प्रश्नाचा शोध घेता यावा, समाजाप्रती जबाबदारी कळावी, पर्यावरणाचे भान असावे, नीती पाळावी, गटात काम करता यावे. यातले एकही कलम मी खोडणार नाही.

घोटाळा होतो तो पुढे. प्रत्येक विषयाची फलिते या बारा कलमांशी जोडायची आणि चौकोनात तीन, दोन किंवा एक असा आकडा लिहायचा. प्रकल्पासाठीही असाच तक्ता. त्या दिवशी माझ्या हातात दिलेल्या गुणपत्रिकेत विषयाची निवड, संदर्भवाचन, पद्धती, निष्कर्ष, सादरीकरण आणि अहवालाची मांडणी असे सहा रकाने होते. नवव्या गटाला ‘निष्कर्ष’ या रकान्यात मी वीसपैकी सहा दिले, कारण निष्कर्ष नव्हता. ‘मोजणीचा खरेपणा’ असा रकाना नव्हता. ‘काय कळले नाही ते स्पष्ट सांगणे’ असाही नव्हता. नीती हे भिंतीवरचे कलम होते आणि समोर दोन गट बसले होते, एक खरे आकडे घेऊन, एक बनावट. माझ्या पत्रिकेत त्यांच्यातला फरक मांडायला जागाच नव्हती.

मी पत्रिकेला दोष देऊन सुटू शकत नाही. जागा नसली तरी मला दिसत होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी कनिष्ठ अभियंत्यांना “जागेवर जाऊन बघ” असे खडसावले आहे. तिथे मात्र मी जागेवर न गेलेल्या मुलांना शाबासकी दिली आणि गेलेल्यांना शिक्षा केली.

हे मला स्वस्थ बसू देईना. पुढच्या रविवारी मी त्या गटातल्या दोघांना घेऊन वाडीवर गेलो. माझ्याकडे जुना दाबमापक होता. टाकीपासून निघालो आणि वाटेतल्या प्रत्येक घराच्या नळाला तो लावत गेलो. तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या घरापर्यंत दाब हिशेबाप्रमाणे. एका घरी तेरा मीटर दाखवला. त्यापुढचे घर पस्तीस पावलांवर, जमीन जवळजवळ सपाट, तिथे तीन मीटर. दहा मीटर दाब पस्तीस पावलांत नाहीसा झाला होता. मधून काँक्रीटचा नवा रस्ता जात होता.

पूर्वी पाणी सोडायचे काम करणारे एक गृहस्थ शेजारच्या ओट्यावर बसलेले होते. त्यांनी बसल्या जागेवरून बोट दाखवले. “तिथं चेंबर होती. खालच्या आळीला पाणी पुरत नव्हतं तेव्हा मीच व्हॉल्व्ह आवळून ठेवला होता, दोन आट्यांवर. मग रस्ता झाला.”

‘सी’ साठ का आला ते असे कळले. सूत्र बरोबर होते, मोजणी बरोबर होती, मुलांचा गोंधळसुद्धा बरोबर होता. आणखी दोन फेऱ्या मिळाल्या असत्या तर त्यांनीच तो व्हॉल्व्ह शोधला असता, आणि त्या एका शोधात त्यांना द्रवगतिशास्त्राचे एक प्रकरण, दोन आळ्यांमधला जुना तंटा आणि दोन खात्यांनी एकमेकांना न विचारता केलेले काम, असे तीन धडे मिळाले असते. गाडी एकदाच मिळाली म्हणून ते राहिले.

गुण विद्यापीठात गेले होते. मी पत्र लिहिले. निकाल लागल्यावर बदल होत नाही असे उत्तर आले, आणि नियमाने ते योग्यच होते.

५. आक्षेप

प्रकल्पाधारित शिक्षणाची बाजू घेताना त्यावरचे आक्षेप टाळता येणार नाहीत. त्यातले तीन मला वजनदार वाटतात.

पहिला आक्षेप शिक्षणशास्त्राचा. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ साली एका गाजलेल्या लेखात दाखवून दिले की नवशिक्याला पुरेशा मार्गदर्शनाशिवाय प्रश्नाच्या पाण्यात सोडले तर त्याची कामचलाऊ स्मृती ओझ्याने वाकते आणि तो शिकत नाही. त्याआधी, २००३ साली, ऑस्ट्रेलियातल्या जूली मिल्स आणि डेव्हिड ट्रेगस्ट यांनी अभियांत्रिकीचा विशेष नेमका पकडला. वैद्यकात एखादा भाग आधी शिकला काय, नंतर शिकला काय, फारसे बिघडत नाही. अभियांत्रिकीचे ज्ञान मात्र पायरीपायरीने चढते. एक पायरी सुटली तर वरची चढता येत नाही. म्हणून व्याख्याने आणि प्रकल्प यांचा मेळच इथे चालेल, असा त्यांचा सूर आहे. मला तो पटतो. हेझन-विल्यम्स आधी शिकवलाच पाहिजे. तो ठाऊक नसता तर ‘सी’ साठ येणे विचित्र आहे हेच त्या मुलीला कळले नसते. पुस्तकामुळे तिला विचित्र काय ते दिसले. त्यामागचे कारण मात्र गावात गेल्यावरच सापडणार होते.

दुसरा आक्षेप गटाचा. चौघांत एक राबतो आणि तिघांची नावे लागतात, हे कोणाही शिक्षकाला माहीत आहे. डेन्मार्कमध्येही यावर वाद झाला; सरकारने २००७च्या सुमारास गटाच्या एकत्रित परीक्षेवर बंदी घातली आणि काही वर्षांनी ती उठवली. बंदीने प्रश्न सुटत नाही. प्रत्येकाने स्वतः घेतलेल्या वाचनांवर स्वतःची सही केली आणि परीक्षकाने त्याच वाचनाविषयी त्यालाच विचारले, तर बराचसा सुटतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो गावाकडून येतो. एका सरपंचबाईंनी मला विचारले होते, “दरसाल पोरं येतात, मोजून जातात. आमाला काय मिळतं?” गाव ही फुकटची प्रयोगशाळा नाही. अहवाल इंग्रजीत लिहिला जातो, त्याच्या चार प्रती निघतात, आणि त्यातली एकही गावात पोचत नाही. वाडीतल्या बायकांनी मुलांना उन्हात पाणी दिले, घरात घेऊन नळ दाखवला, आणि त्या बदल्यात त्यांना वाचता येईल असे एक पानही मिळाले नाही. याला शिक्षण म्हणता येणार नाही. तांत्रिक शिक्षण परिषदेने २०२१-२२पासून मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम चालवायला परवानगी दिली. अख्खा अभ्यासक्रम मराठीत व्हायचा तेव्हा होवो. ग्रामसभेत वाचता येईल असा दोन पानांचा मराठी अहवाल लिहायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. तो लिहिताना विद्यार्थ्याला आपल्याला खरोखर किती कळले आहे तेही कळेल. ‘रेसिड्युअल हेड’ म्हणजे काय हे सरपंचबाईंना सांगता आले नाही, तर ते आपल्यालाही समजलेले नाही असे खुशाल समजावे.

शिक्षकांची बाजूही इथे मांडली पाहिजे. आठवड्याचे तास भरलेले, मानांकनाच्या फायली डोक्यावर, बढती शोधनिबंधांच्या संख्येवर. अशा शिक्षकाने चार गटांना घेऊन सहा वेळा गावात जावे ही अपेक्षा करायची असेल तर त्या सहा फेऱ्या त्याच्या कामाच्या तासांत मोजल्या पाहिजेत. नाहीतर तो बिचारा एकदाच गाडी मागेल. ज्या अंतर्गत परीक्षकांनी “रीडिंग चुकलंय” म्हटले ते आळशी गृहस्थ नव्हते. त्यांना त्या सत्रात नऊ गट सांभाळायचे होते.

६. मोजमाप पुस्तिका

बांधकाम खात्यात काम केलेल्या प्रत्येकाला मोजमाप पुस्तिका माहीत असते. कामाची मोजमापे जागेवर घ्यायची आणि जागेवर लिहायची. आकडा चुकला तर खोडरबर चालत नाही. एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची, म्हणजे जुना आकडाही वाचता आला पाहिजे. पानांना क्रमांक असतात, पान फाडता येत नाही. तिच्या भोवती काय काय गैरप्रकार चालतात ते मला ठाऊक आहे. तरीही ती कल्पना मोठी आहे : चूक लपवायची नाही, ती सहीनिशी नोंदवायची.

प्रकल्पाधारित शिक्षणासाठी नव्या धोरणाची, नव्या रकान्यांच्या तक्त्याची वाट पाहण्याची मला गरज वाटत नाही. तिसऱ्या सत्रापासून प्रत्येक गटाला एक चालू सार्वजनिक काम नेमून द्यावे, एखादी नळयोजना, नाला, सांडपाणी केंद्र, पाझर तलाव, आणि ते आठव्या सत्रापर्यंत त्याच गटाकडे ठेवावे. म्हणजे त्यांना तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे पाहायला मिळतील. भूमापन शिकतील तेव्हा त्याच गावाची पातळी घेतील, द्रवगतिशास्त्र शिकतील तेव्हा त्याच नळाचा दाब मोजतील, पर्यावरण शिकतील तेव्हा त्याच नळाचे पाणी तपासतील. काळ्या पुठ्ठ्याच्या अहवालाऐवजी परीक्षकासमोर मोजमाप पुस्तिका ठेवावी, खाडाखोडीसह. आणि निम्मे गुण देण्याआधी परीक्षकाने त्यातली कोणतीही दोन वाचने जागेवर जाऊन पुन्हा घ्यावीत. ही शेवटची अट मुख्यतः माझ्यासारख्यांसाठी आहे.

त्या वाडीचे पुढे काय झाले हे वाचक विचारतील. ग्रामपंचायतीने रस्ता फोडण्याचा ठराव केला. रस्ता दुसऱ्या योजनेतला आणि ठेकेदाराच्या दोषदायित्वाच्या मुदतीत होता. मुदत संपेपर्यंत तो फोडता येणार नाही असे कळवण्यात आले. तोपर्यंत वरच्या आळीतल्या बायका खालच्या आळीतून पाणी भरत होत्या. मुदत संपली त्या उन्हाळ्यात ती मुलगी पुन्हा तिथे गेली, तोवर ती एका नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता झाली होती. रस्ता फोडताना ती उभी होती. व्हॉल्व्ह दोन आट्यांवरच होता, पण दांडा गंजून धरला होता. तो पूर्ण बदलावा लागला.

तिने मला फोन करून सांगितले की नवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून तिने पुन्हा मोजणी केली आणि आता ‘सी’ एकशे अडतीस येतो. मी म्हटले, एकशे पंचेचाळीस का नाही? ती म्हणाली, “ते अजून कळलं नाही, सर. वहीत तसं लिहून ठेवलंय.”